भरती-ओहोटीचं अ‍ॅप कसं निवडायचं: कयाक, छोटी बोट घेऊन खाडीत उतरणाऱ्यांसाठी

दर सीझनला ग्रुपवर तोच प्रश्न येतो, "भरतीसाठी चांगलं अ‍ॅप सांगा", आणि खाली दहा जण दहा नावं टाकतात, मग कोणीतरी दोन अ‍ॅपचे स्क्रीनशॉट टाकतं ज्यात एकाच दिवसाच्या भरतीत चाळीस मिनिटांचा फरक असतो, आणि तिथून पुढे नुसता वाद. नाव विचारून हा प्रश्न सुटत नाही कारण तेच अ‍ॅप मुंबई बंदरात घड्याळासारखं चालतं आणि बाणकोट खाडीत आत शिरलात की तासभर चुकतं. अ‍ॅप चांगलं की वाईट हे तुमच्या धक्क्यावर ठरतं, प्ले स्टोअरच्या स्टारवर नाही. म्हणून खाली नावांची यादी नाहीये, क्रम आहे. क्रम मोडू नका, बहुतेक लोक पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट शेवटच्या पायरीवर येतात आणि मग चिखलात बसतात.

हे सगळं कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यासाठी लिहिलंय: कयाक, पॅडल बोर्ड, आउटबोर्ड लावलेली फायबरची छोटी बोट, छोटी शिडाची बोट. मोठ्या यॉटवाल्यांकडे चार्टप्लॉटर (दर्यावर्दी नकाशा आणि बोटीची जागा दाखवणारं यंत्र) असतो, त्यांनाही तपासणीचा भाग उपयोगी पडेल.

१. अ‍ॅप उघडायच्या आधी कागदावर पाच गोष्टी लिहा

ही तयारी कंटाळवाणी वाटते पण याशिवाय अ‍ॅप कशावर पारखणार?

पहिली, कुठून पाण्यात उतरणार आणि कुठे बाहेर निघणार. "दापोलीजवळ" असं नको, नेमका धक्का किंवा पुळण लिहा, खाडीच्या तोंडावर आहे की आत किती किलोमीटर तेही लिहा.

दुसरी, बोट पाण्यात किती बुडते. कयाकला वीतभर पाणी पुरतं. फायबरच्या बोटीला इंजिन खाली सोडल्यावर अर्धा ते पाऊण मीटर लागतं, माणसं आणि सामान चढवून मोजा, रिकाम्या बोटीचं माप काही कामाचं नाही.

तिसरी, वाटेतली सगळ्यात उथळ जागा. तोंडावरचा वाळूचा दांडा, मध्येच वर आलेली मळई (गाळाचा उंचवटा), खडपं, जे असेल ते. सगळा प्लॅन त्या एका जागेवर अडतो, बाकी खाडी कितीही खोल असू दे.

चौथी, डोक्यावर काय आहे. शिडाची बोट असेल तर पूल आणि विजेच्या तारा. इथे हिशोब उलटा होतो, भरतीला जागा कमी पडते. हे विसरणारे खूप आहेत कारण सगळ्यांचं लक्ष खाली असतं.

पाचवी, नेटवर्क कुठपर्यंत आहे. कोकणातल्या बहुतेक खाड्यांमध्ये दोन्ही बाजूंना डोंगर आले की रेंज जाते.

तपासा: या पाचपैकी तिसरीचं उत्तर माहीत नसेल तर हरकत नाही, ते सहाव्या पायरीत मिळेल. पहिली आणि दुसरी मात्र आत्ताच हवीत.

२. यादी छोटी करा

तीन-चार अ‍ॅप उतरवून घ्या, जास्त नको. ढोबळपणे तीन जातीची मिळतात. एक, नुसती भरती-ओहोटीची, टाइड्स निअर मी किंवा नॉटाइडसारखी. दोन, हवामानाची ज्यात भरतीही दाखवतात, विंडी त्यातलंच. तीन, नकाशावाली, नेव्हिओनिक्ससारखी, ज्यांना वर्गणी लागते. फोनच्या हवामान अ‍ॅपमध्ये कोपऱ्यात भरतीची वेळ येते ती यादीत धरू नका, आणि "आज मासे लागतील का" सांगणारी गळवाल्यांची अ‍ॅप भरतीचा अंदाज बरा देत असली तरी त्यातला माशांचा भाग सोडून द्या.

आता प्रत्येकात एकच गोष्ट शोधा: हा आकडा कुठून आला ते अ‍ॅप सांगतं का?

भरतीचा अंदाज दोन तऱ्हांनी बनतो. एखाद्या बंदरात, म्हणजे स्टेशनवर, पाण्याची पातळी वर्षानुवर्षं मोजलेली असते, त्यातून चंद्राचा १२ तास २५ मिनिटांचा आवर्त, सूर्याचा १२ तासांचा, आणि असे बरेच छोटेमोठे आवर्त वेगळे काढतात आणि पुढच्या तारखांसाठी परत जोडतात. याला आपण स्टेशनवाला अंदाज म्हणू. दुसऱ्यात जगभरच्या समुद्राचं एक कॉम्प्युटर मॉडेल असतं, चौकोन चौकोन पाडलेलं, आणि तुम्ही नकाशावर कुठेही बोट ठेवलं की ते आकडा देतं. उघड्या समुद्रात हे मॉडेल छान चालतं. पण खाडी त्या चौकोनात मावतच नाही, तरी अ‍ॅप तुम्हाला सुबक निळी लाट (पाण्याच्या चढ-उताराचा आलेख) काढून दाखवतं आणि बघणाऱ्याला वाटतं वा, आपल्या गावाची भरती मिळाली.

इशारा: कुठल्याही गावाचं नाव टाकलं की लगेच भरतीची वेळ देणारं अ‍ॅप, ज्यात स्टेशनचं नाव कुठेच दिसत नाही, ते काढून टाका. दिसायला कितीही भारी असू दे.

३. स्टेशन तुमचं आहे का ते बघा

अ‍ॅपमध्ये "जवळचं स्टेशन" आपोआप निवडलं जातं, आणि जवळचं म्हणजे हवेतून सरळ रेषेत जवळचं. पाणी सरळ रेषेत येत नाही. ठाण्याचं उदाहरण घ्या. शहराच्या एका अंगाला ठाण्याची खाडी, ती खाली मुंबई बंदराकडून भरते, आणि दुसऱ्या अंगाला घोडबंदर-गायमुखची उल्हास नदीची खाडी, ती वसईच्या तोंडाने भरते. अंतर थोडंसंच, पाणी यायची वाट पूर्ण वेगळी. गायमुखला उतरणाऱ्याने ठाणे खाडीची वेळ घेतली की गंडलंच.

आणखी एक गंमत, पुण्यात घरी बसून प्लॅन करताना जीपीएस चालू असतो आणि अ‍ॅप पुण्यापासून जवळचं जे स्टेशन सापडेल ते उचलतं. जाणार मालवणला, वेळ बघितली भलतीकडची. म्हणून जीपीएसवर सोडू नका, स्टेशन हाताने शोधा, निवडा आणि आवडीच्या यादीत टाका.

मुंबईचं मूळ स्टेशन अपोलो बंदर, गोव्याचं मुरगाव. मधल्या बऱ्याच ठिकाणांच्या वेळा मोठ्या बंदराच्या वेळेत ठरावीक मिनिटं मिळवून किंवा वजा करून काढलेल्या असतात. हे चालतं, फक्त ते तोंडावरच्या बंदरासाठी असतं. दाभोळचं स्टेशन मिळालं म्हणजे वाशिष्ठीत वर गोवळकोटपर्यंत तीच वेळ लागू असं नाही. आत जाल तशी भरती उशिरा येते, आणि वरच्या अंगाला पाणी चढायला कमी वेळ लागतो, उतरायला जास्त.

तपासा: निवडलेल्या स्टेशनची उधाणाच्या, म्हणजे सगळ्यात मोठ्या भरतीच्या दिवसाची लाट बघा. मुंबईत अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक साडेतीन-चार मीटरच्या घरात असतो, दक्षिणेकडे जाल तसा कमी होतो आणि गोव्यात साधारण दोन मीटरच्या आत-बाहेर येतो. उलट वर खंभातच्या आखातात तो दहा मीटरच्या आसपास जातो. मालवणसाठी अ‍ॅप चार मीटरचा फरक दाखवत असेल तर त्याने मुंबई किंवा त्याच्याही वरचं काहीतरी उचललंय.

४. उंची कशापासून मोजलीय

इथे सगळ्यात जास्त लोक गडबडतात आणि गडबडलोय हे कळतही नाही.

अ‍ॅप म्हणतं भरती ४.३ मीटर. कशाच्या वर? दर्यावर्दी नकाशात शून्य म्हणजे जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीची पातळी असते, भारतात उधाणाच्या ओहोटीवरून ठरवलेली. काही अ‍ॅप मात्र समुद्राच्या सरासरी पातळीला शून्य धरतात. मुंबईत या दोन शून्यांमध्ये अडीच मीटरच्या आसपास फरक आहे, म्हणजे तीच भरती एक अ‍ॅप ४.३ दाखवेल आणि दुसरं १.८. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. नकाशातली खोली आणि सरासरीवाली उंची मिसळलीत की हिशोब अडीच मीटरने चुकला.

ओळखायचं कसं? महिनाभराच्या ओहोट्या चाळा. मुंबईसाठी बहुतेक ओहोट्या अधिक चिन्हात आणि क्वचित एखादी शून्याच्या जरा खाली असेल तर नकाशावालं शून्य. रोजचीच ओहोटी उणे एक, उणे दीड अशी असेल तर सरासरीवालं. सेटिंगमध्ये बदलता येत असेल तर नकाशावालं ठेवा. येत नसेल तर अ‍ॅप लगेच फेकू नका, सहाव्या पायरीतल्या युक्तीने काम भागतं.

मीटर आणि फूटही तिथेच बघून घ्या, परदेशी अ‍ॅप बऱ्याचदा फुटात उघडतात.

५. वेळ आणि घड्याळ

आपला टाइम झोन साडेपाच तासांचा, आणि हा अर्धा तास चांगल्या चांगल्या अ‍ॅपना जड जातो. अ‍ॅप वेळ स्टेशनच्या घड्याळाने दाखवतं, फोनच्या घड्याळाने की ग्रीनिचच्या, हे सेटिंगमध्ये बघा. भारतात बसून भारतातलं स्टेशन बघताना पहिल्या दोन्हींत फरक पडत नाही, पण दुबईहून सुट्टीला यायच्या आधी तिथेच बसून तारकर्लीचा प्लॅन केला तर दीड तासाचा घोळ ठरलेला. इंग्लंडात बोट चालवणाऱ्या आपल्या मंडळींना उन्हाळी वेळेचा एक तास वेगळाच त्रास देतो, तिथली बरीच छापील कोष्टकं ग्रीनिच वेळेत असतात.

आता खरी परीक्षा, आणि यासाठी नेट लागत नाही, पंचांग लागतं. कोकणात जुना हिशोब आहे: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, येईल तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. हा मिनिटाचा हिशोब नाही, तासभर इकडेतिकडे होतो, यावर बोट काढायची नाही. पण अष्टमीला अ‍ॅप तुमच्या किनाऱ्यावर बारा वाजता भरती दाखवत असेल तर अ‍ॅप चुकतंय, तिथी नाही. मोठी चूक पकडायला याहून स्वस्त साधन नाही.

बारीक चूक पकडायला अधिकृत कोष्टक हवं. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो, मुंबईसाठी वर्तमानपत्रातही वेळा येतात. यादीतल्या प्रत्येक अ‍ॅपमध्ये तेच बंदर लावा आणि दोन दिवस ताडून बघा, एक पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरचा, एक अष्टमीच्या आसपासचा. दोन्ही बघायचे, कारण उधाणाला बरोबर येणारं अ‍ॅप भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीला, चुकू शकतं.

किती फरक चालेल? माझं मत: वेळेत पंधरा मिनिटं, उंचीत वीस सेंटीमीटर. याच्या वर गेलं की अ‍ॅप बाद. पंधरा मिनिटं कुठून आली ते सातव्या पायरीतल्या उदाहरणात दिसेल.

इशारा: एका दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. सकाळच्या भरतीसाठी चुकून रात्रीच्या भरतीची उंची बघितली तर अर्धा मीटरसुद्धा चुकू शकतं. चोवीस तासांचं घड्याळ लावून टाका, हा प्रकार निम्म्याने कमी होतो.

६. तुमच्या धक्क्यावर अ‍ॅप तपासा

इथपर्यंत एक किंवा दोन अ‍ॅप उरली असतील. आता पाण्यापाशी जायचं, बोट न घेता. ही पायरी कोणी करत नाही आणि हीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

वारा शांत असलेला उधाणाचा दिवस निवडा. अ‍ॅपने दिलेल्या भरतीच्या वेळेच्या अर्धा तास आधी धक्क्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसा. पायरीवर पाणी कुठवर आलंय तिथे खडूने रेघ मारा, दर पाच-दहा मिनिटांनी पुढची रेघ. शेवटच्या पायऱ्यांवर पाणी अगदी हळू चढतं, लाटेच्या लपलपीत नजर फसते, म्हणून एका लाटेवर जाऊ नका, चार-पाच लाटांचा मधला भाग धरा. रेघ ओली होऊन परत कोरडी राहायला लागली की पाणी फिरलं. ती वेळ लिहा. अ‍ॅपशी असलेला फरक हा तुमच्या धक्क्याचा फरक. भांगाच्या एखाद्या दिवशी परत तेच करा.

दुसरी नोंद प्रवाहाची. पाणी चढायचं थांबलं म्हणजे वाहायचं थांबलं असं नाही, खाडीत प्रवाह बऱ्याचदा उंचीच्या मागून फिरतो. नांगरलेल्या होड्या बघा, तोंड कुठे आहे, कधी आडव्या होतात, कधी पूर्ण उलट्या फिरतात. किंवा नारळाची एखादी झावळी वाहत येत असेल तर तिच्यावर नजर ठेवा. होड्या फिरल्याची वेळ वेगळी लिहा. कयाकवाल्यांना उंचीपेक्षा हीच वेळ जास्त कामाची असते, प्रवाहाविरुद्ध वल्हवून दमण्यात कसली मजा आहे.

तिसरी नोंद, आणि हीच ती मघाची युक्ती. वाटेतला तो उथळ दांडा कधी बुडतो ते बघा. चढत्या पाण्यात दांड्याचा माथा झाकला गेला ती वेळ लिहा, वर काढलेला धक्क्याचा फरक त्यातून वजा करा, आणि जी वेळ येईल तेव्हा अ‍ॅपच्या लाटेवर उंची किती होती ते बघून लिहून ठेवा. समजा १.२ आली. मग तुमच्या अ‍ॅपच्या भाषेत दांडा १.२ वर आहे. शून्य कुठलं, नकाशा कुठला, काही फरक पडत नाही, फक्त यापुढे तेच अ‍ॅप आणि तेच स्टेशन वापरायचं.

आणि तिथे तरीवाले, कालवं काढणाऱ्या बायका, जाळी विणत बसलेले कोणी असतीलच. "मामा, आज पाणी कधी सुटणार?", म्हणजे ओहोटी कधी लागणार, एवढंच विचारा. उत्तर घड्याळात येईलच असं नाही, "जेवणवेळेला सुटंल" असं येईल, पण तुमच्या नोंदीशी ते जुळलं नाही तर परत मोजा. कुठल्या बाजूने वाट आहे, यंदा दांडा कुठे सरकला, हे कुठलंच अ‍ॅप सांगणार नाही.

तपासा: दांडा दर पावसाळ्यात हलतो. नारळी पौर्णिमेनंतर सीझन चालू करताना ही तिसरी नोंद नव्याने घ्या, गेल्या वर्षीचा आकडा पुसून टाका.

७. हिशोब करून बघा

निवडलेलं अ‍ॅप वापरून एक दिवस कागदावर मांडा. अ‍ॅपमध्ये बोट सरकवून कुठल्याही वेळेची उंची दाखवणारी लाट असेल तर उत्तमच, नुसती भरती-ओहोटीची वेळ देणारं असेल तर बारा भागांचा नियम वापरा: सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ भाग चढतं.

समजा उधाणाचा दिवस, ओहोटी सकाळी ६.१० ला ०.५ मीटर, भरती १२.१० ला ४.३. फरक ३.८, एक भाग साधारण ३२ सेंटीमीटर. मग ७.१० ला ०.८, ८.१० ला १.४५, ९.१० ला २.४, १०.१० ला ३.३५, ११.१० ला ४, आणि १२.१० ला ४.३.

दांडा १.२ वर, बोट बुडते ०.६, खाली अर्धा मीटर मोकळं पाणी हवं. एकूण २.३. म्हणजे सकाळी सव्वानऊच्या आधी जायचं नाही, आणि उतरत्या पाण्यात तीनच्या सुमारास वाट बंद. धक्का आत असेल तर दांड्यापर्यंत पोचायचा वेळ त्यातून वजा करा.

आता ते चाळीस मिनिटांचं प्रकरण बघा. मधल्या दोन तासांत पाणी तासाला जवळजवळ ९५ सेंटीमीटर उतरतं. चाळीस मिनिटांत ६३. तुमचं मोकळं पाणी पन्नासच होतं. ग्रुपवर लोक म्हणतात चाळीस मिनिटांनी काय होतंय, तर एवढं होतं. पंधरा मिनिटांत मात्र चोवीस सेंटीमीटरच जातात, तेवढं पोटात मावतं, म्हणून मी पंधरावर रेघ मारली.

भांगाच्या दिवशी चित्र वेगळं. ओहोटी १.९, भरती ३.२. दांड्यावर ऐन ओहोटीलाही ७० सेंटीमीटर पाणी, कयाक दिवसभर जाईल, फायबरची बोट जेमतेम घासत जाईल, म्हणजे न गेलेली बरी. नवशिक्यांनी पहिल्या फेऱ्या भांगालाच कराव्यात, प्रवाहही सौम्य असतो.

इशारा: ओहोटी चालू असताना उथळ जागी अडकलात तर पाणी परत यायला तास मोजावे लागतात, भरतीत अडकलात तर थोड्या वेळात सुटता. अनोळखी वाट नेहमी चढत्या पाण्यातच बघायची. फक्त ऐन उधाणाच्या माथ्यावर अडकू नका, दुसऱ्या दिवशीची भरती कमी उंचीची असली तर बोट तिथेच राहील.

८. दुपारचा वारा

याला वेगळी पायरी दिलीय कारण अ‍ॅप सहसा हे जोडून दाखवत नाहीत. आपल्याकडे उधाणाची भरती दुपारी बाराच्या आसपास येते. म्हणजे एक ते सहा पाणी खाडीतून बाहेर जातं. नेमका त्याच वेळी समुद्रावरून खारा वारा आत येतो, जानेवारी ते मे दुपारी चांगलाच. बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारा वारा खाडीच्या तोंडावर भिडले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, दांड्यावर फुटायला लागतात. सकाळी शांत पाण्यात बाहेर गेलेले लोक परत येताना हे बघून हबकतात.

म्हणून पौर्णिमा-अमावस्येच्या दोन-तीन दिवसांत समुद्रात बाहेर जाणार असाल तर भरतीच्या माथ्याला, म्हणजे बाराच्या सुमारास आत आलेलं बरं. अष्टमीच्या आसपास उलट, दुपारी पाणी आणि वारा दोन्ही आत येतात, परतणं सोपं. खाडीतच फिरायचं असेल तर चढत्या पाण्याबरोबर वर, सुटल्यावर खाली, हे तर सगळे जाणतातच.

९. पैसे देण्याआधी आणि निघण्याआधी

फोन फ्लाइट मोडवर टाका, अ‍ॅप पूर्ण बंद करून परत उघडा, पुढच्या रविवारची लाट दिसते का बघा. नाही दिसली तर खाडीतही दिसणार नाही. वर्गणीवाल्या अ‍ॅपमध्ये कधी कधी फुकट भागात फक्त आज-उद्याचं मिळतं, आठवडाभर वापरून मग ठरवा, पहिल्या दिवशी वर्षाचे पैसे भरायची घाई नको.

वॉटरप्रूफ पिशवीतल्या फोनवर ओल्या बोटांनी लाट सरकवायला जाल तर लाट सोडून सगळं सरकतं. दिवसाच्या दोन भरत्या, दोन ओहोट्या, दांडा उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ एवढं कागदावर लिहा, सेलोटेप मारा, डेकवर चिकटवा. परतायची वेळ किनाऱ्यावरच्या कोणाला तरी सांगा.

अ‍ॅपचा आकडा हा चंद्र-सूर्याचा हिशोब आहे, त्यात हवा नसते. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने (हवामान अ‍ॅपमध्ये दिसणारं दाबाचं माप, hPa) कमी झाला की पाणी साधारण एक सेंटीमीटर वर येतं, जोराचा वारा किनाऱ्याकडे पाणी लोटतो, वर घाटात पाऊस झाला की खाडीत ओहोटी लांबते आणि भरतीचा प्रवाह आत शिरतच नाही. उन्हाळ्यात, वारा नसतानाही, लांबून दक्षिणेकडच्या महासागरातून आलेल्या मोठ्या लाटा किनाऱ्यावर आदळतात, त्याचा इशारा हैदराबादची इन्कॉईस ही समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था देते. निघायच्या आदल्या रात्री आणि सकाळी इन्कॉईस आणि हवामान खात्याचा इशारा बघा, बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर विषय संपला. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात तेव्हा अ‍ॅप कितीही छान वेळ दाखवू दे, उतरायचं नाही.

अ‍ॅप अपडेट झालं की स्टेशन, शून्य आणि टाइम झोन या तिन्ही सेटिंग परत बघा, अपडेटनंतर त्या कधी कधी गुपचूप मूळ पदावर जातात. आणि फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ सेव्ह करा, बोटीवरच्या सगळ्यांच्या फोनमध्ये, कारण ज्याच्या फोनमध्ये असतो नेमका त्याचाच पाण्यात पडतो.